आर्नोकाठची छत्री आणि कातड्याचा वास

आत्याला फ्लॉरेन्समध्ये एकच गोष्ट पाहायची होती, आणि ती कुठल्याच सहलवाल्यांच्या यादीत नसते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडहून परतताना वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला या शहरात वारले. वय अवघं विशीचं. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि तिथंच त्यांची छत्री उभी आहे. कोल्हापुरात राजाराम हे नाव ठायी ठायी आहे, पण ते सगळे एकच राजाराम नव्हेत. राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते हे महाराज. आत्या त्या कॉलेजात शिकली आणि पुढं तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत राहिली. "ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलो, त्यांना एकदा मुजरा करून यायचा," एवढंच तिचं म्हणणं होतं.

माझं निमित्त वेगळं. आमच्या आजोबांचं कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचे. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा तो वास अजून कुठं आला की मला दुकानातली लाकडी फळी आठवते. फ्लॉरेन्स शेकडो वर्षं चामड्याच्या कामासाठी नावाजलेलं. तिथले कारागीर कसं काम करतात ते बघायचं होतं आणि बाबांसाठी एक पट्टा आणायचा होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी रोमहून निघालो. जलद गाडीनं दीड तास लागतो.

पहिला दिवस, रविवार

खोली सांता मारिया नॉव्हेला स्टेशनच्या मागच्या गल्लीत होती. सामान टाकलं आणि चालत दुओमोपाशी, म्हणजे शहराच्या मुख्य कॅथेड्रलपाशी गेलो. जुनं शहर इतकं आटोपशीर आहे की बहुतेक सगळं पायी होतं. आत्या एकाहत्तरची आहे, गुडघे दुखतात, तरी चार दिवसांत आम्ही ट्राममध्ये दोनदाच बसलो. एक मात्र सांगते, रस्ते दगडी फरशांचे आहेत. जाड तळाचे बूट हवेत, पातळ तळाच्या चपला इथं पाय काढतात.

गल्लीतून वळलो आणि समोर एकदम ती भिंत आली. पांढरा, हिरवा, गुलाबी संगमरवर, आणि वर विटांचा तो लाल घुमट. १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत ब्रुनेलेस्कीनं तो बांधला. खालून लाकडाचा पूर्ण सांगाडा न उभारता, चाळीस लाखांहून जास्त विटा एकमेकींत अडकवत नेल्या. आत्यानं शाळेच्या किती सहली विजापूरला नेल्या असतील याचा हिशेब नाही. ती म्हणाली, "गोल घुमटाएवढाच असंल की गं." खोलीवर आल्यावर मी पाहिलं. तसं नाही. गोल घुमटाची आतली रुंदी अडतीस मीटरच्या आसपास, इथली पंचेचाळीसच्या घरात. पायऱ्या ४६३ आहेत, लिफ्ट नाही. आम्ही चढलो नाही. ज्यांना चढायचं त्यांनी वेळ आधी राखून ठेवावी, आयत्या वेळी जागा मिळत नाही.

खरं आश्चर्य पुढंच होतं. आपण फोटोत जी नक्षीदार दर्शनी बाजू पाहतो, ती १८८७ साली पुरी झाली. महाराज इथं आले तेव्हा कॅथेड्रलची ती बाजू उघडीबोडकी होती. आत्यानं पिशवीतून वही काढली आणि तिथंच उभ्या उभ्या लिहून घेतलं. त्यानंतर चारही दिवस आमचा हाच उद्योग चालला: १८७० मध्ये इथं काय होतं, काय नव्हतं? फ्लॉरेन्स तेव्हा चक्क इटलीची राजधानी होती, १८६५ ते १८७१. शहराचे जुने तट पाडून रुंद रस्ते काढणं चाललं होतं. संध्याकाळी सिन्योरिया चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची प्रतिकृती पाहिली. मूळ पुतळा १८७३ पर्यंत याच जागी, उन्हापावसात उभा होता. म्हणजे महाराज गेले तेव्हा तो अजून चौकातच होता. आत्याचा चेहरा असा काही फुलला, जणू तिला कुणी जुनं पत्र आणून दिलं.

तिथून दोन मिनिटांवर मेर्कातो नुओव्हो, सोळाव्या शतकातला कमानींचा मंडप. एके काळी इथं रेशमाचा व्यापार चालायचा, आता चामड्याच्या पिशव्या आणि टोप्या. कडेला कांशाचं रानडुक्कर बसलंय. त्याचं नाक हात लावून लावून सोन्यासारखं चकचकीत झालंय. तोंडात नाणं ठेवायचं, ते घरंगळून खालच्या जाळीत पडलं तर शुभ. आत्याचं पहिल्याच खेपेला पडलं. शेजारी उभ्या असलेल्या जपानी आजींनी टाळ्या वाजवल्या.

पोन्ते व्हेक्यो पुलावर पोचलो तेव्हा उजेड पिवळा झाला होता. हा पूल १३४५ चा. पूर्वी यावर खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फर्दिनांदोनं त्यांना हलवलं आणि फक्त सोनार ठेवले. १९४४ साली जर्मन सैन्यानं माघार घेताना शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. दुकानं नदीवर लोंबकळल्यासारखी आहेत आणि बंद झाली की त्यांच्या लाकडी फळ्या जुन्या पेटाऱ्यांसारख्या दिसतात. एका काचेत कुडी दिसली, वरचं सोनं बारीक रेघांनी रेशमासारखं केलेलं. आत्यानं खूप वेळ पाहिलं. पण इटलीत दागिना बहुधा अठरा कॅरटचा असतो, त्यावर ७५० असा शिक्का असतो. आपल्याकडच्या बावीस कॅरटच्या हिशेबानं भाव लावू नका, आणि घ्यायचंच तर घडणावळीसाठी घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

रात्री एका बेकरीत स्कियाच्चाता आल्लूव्हा मिळाली. चपट्या पावात काळी द्राक्षं भरून भाजतात, द्राक्षतोडणीच्या दिवसांतच मिळते. बिया दाताखाली कटकन फुटतात, रस पावात मुरलेला. दोन तुकडे घेतले होते, पुन्हा दोन घेतले.

दुसरा दिवस, सोमवार

सोमवारी उफिझी आणि आकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालयं बंद असतात. तीन-चार दिवसांचा बेत आखताना हे आधी बघा. आम्ही तो दिवस चामड्याला दिला.

सकाळी बारवर उभ्यानं कॉफी घेतली. टेबलाशी बसलं की तीच कॉफी महाग होते, म्हणून इथली माणसं गल्ल्यापाशीच दोन घोटांत संपवतात. जेवणाच्या बिलात माणशी कोपेर्तो म्हणून दोन-तीन युरो लावतात, ते बसण्याचे आणि पावाचे. फसवणूक नव्हे, रीतच आहे.

सांता क्रोचे चर्चच्या मागं जुन्या मठाच्या इमारतीत स्कुओला देल कुओयो, म्हणजे चामड्याची शाळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ झालेल्या मुलांच्या हाताला काम यावं म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी गोरी आणि कासिनी या दोन चामडे-व्यावसायिक घराण्यांच्या मदतीनं १९५० मध्ये ती काढली. लांब ओवरीसारख्या दालनात टेबलं मांडलेली, कारागीर मान खाली घालून कामात. दारातून आत पाऊल टाकलं आणि वास आला. मी थांबले. आत्याही थांबली. दोघी काही बोललो नाही. आजोबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली.

एक तरुण मुलगी डबीच्या झाकणावर सोन्याचा वर्ख ठेवून तापवलेला पितळी ठसा दाबत होती. हाताचा दाब किती, वेळ किती, हे तिला मोजावं लागत नव्हतं. वस्तू इथं स्वस्त नाहीत. एक लहानशी नाण्यांची डबी मी घेतली आणि तिच्यावर बाबांच्या नावाचं आद्याक्षर उमटवून मिळालं. घेणं नसलं तरी पाहायला जरूर जा, कुणी मागं लागत नाही.

तिथल्या एका वयस्कर कारागिरानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला चामड्याची ओळख करून दिली. ती इथं देते, कारण बाजारात तिचा फार उपयोग झाला. आर्नोच्या खालच्या अंगाला, पिसाकडे जाताना सांता क्रोचे सुल्लार्नो नावाचं गाव आहे. त्या भागात झाडांच्या सालींनी, लाकडाच्या अर्कानं कातडं कमावतात. चेस्टनट, मिमोसा, केब्राचो ही त्यासाठी वापरतात ती झाडं. आपल्या हिरडा-बाभळीसारखंच सगळं, टॅनिन या तुरट द्रव्याचं काम. असं कातडं वापरलं की रंग गडद होत जातो, जागोजाग अंगाशी बसतं. 'कोन्चातो आल व्हेजेताले' असं लिहिलेलं असेल तर ते हे. 'व्हेरा पेल्ले' म्हणजे खरं चामडं, पण एवढ्यानं दर्जा कळत नाही. 'एकोपेल्ले' लिहिलं असेल तर ते बहुधा चामडं नसतं, आणि 'सिमिलपेल्ले' असेल तर ते चामडं नव्हेच. आणि कड बघायची. कापलेल्या कडेवर तंतू दिसले पाहिजेत, सरळ, दाट. कडेला जाड रंगाचा थर चोपडला असेल तर विचारायचं, का झाकलंय?

चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाध्या आहेत. पण माझं मन अडकलं ते चिमाब्युए या चित्रकारानं रंगवलेल्या लाकडी क्रूसापाशी. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोचा महापूर आला, तेव्हा तो पाण्यात बुडाला आणि त्याचा बहुतांश रंग वाहून गेला. जेवढा उरला तेवढाच जपलाय, गेलेल्या जागा भरून काढून नवा केलेला नाही. येशूच्या चेहऱ्याचा अर्धा भाग नाही, आणि तरी तो चेहरा पाहवत नाही इतका जिवंत आहे.

बाहेर आल्यावर भिंतीभिंतीवर त्या पुराच्या खुणा दिसायला लागल्या. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर दगडी पाटी आणि एक रेघ, पाणी इथपर्यंत आलं होतं. सान रेमिज्यो गल्लीत तर दोन पाट्या आहेत, एक १३३३ ची आणि एक १९६६ ची. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचेच! जुन्या पाटीवर पाण्याच्या रेघेकडे बोट दाखवणारा हात कोरलाय.

पंचगंगेच्या पुरात घर बुडालेल्या माणसाला या रेघा वेगळ्या दिसतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आत्याच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, त्रेचाळीस फुटांची धोक्याची रेघ ओलांडली का, हेच आम्ही आठ दिवस एकमेकांना विचारत होतो. पाणी ओसरल्यावर तिनं भिजलेली पुस्तकं वाळत घालण्याच्या दोरीवर टांगली होती. १९६६ मध्ये इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली चिखलात गेलेली पुस्तकं काढायला देशोदेशींची तरुण मुलं धावली होती, त्यांना इथं 'चिखलातले देवदूत' म्हणतात. हे सांगितलं तेव्हा आत्या त्या पाटीखाली भिंतीला हात टेकून उभी राहिली. "आपल्या तालमीची पोरं आली होती बघ होड्या घेऊन," म्हणाली.

दुपारी सान लोरेन्झोचा बाजार. मेर्कातो चेंत्राले ही लोखंड आणि काचेची मंडई १८७४ ची, आणि भोवतीच्या रस्त्यांवर चामड्याच्या गाड्याच गाड्या. रंगीबेरंगी जॅकेटं, पिशव्या, पट्टे. भाव होतो, पण हसत करायचा. दुकानदारात बंगाली, पंजाबी बोलणारे बरेच भेटतात आणि हिंदीत गप्पा लगेच जमतात. आत्यानं एका गाडीवर तपकिरी पर्स घेतली, पस्तीस युरोंना. वर 'अस्सल चामडं'चा बिल्ला. कड बघायची मी तिथं विसरले, तिचं पुढं येईलच. रस्त्यावर चादर टाकून मोठ्या ब्रँडच्या नकली पिशव्या विकणारेही दिसतात. त्यांच्याकडून काही घेऊ नका. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, आणि तो तीनशे युरोंपासून सुरू होतो.

मंडईत तळमजल्यावर वाळवलेल्या अळंब्या, चीज, बदामाची कडक कान्तुच्ची बिस्किटं. लाम्प्रेदोत्तो नावाच्या पावासाठी रांगा लागतात, तो गाईच्या जठराचा असतो, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं. शाकाहारी माणसाची इथं उपासमार होत नाही. रात्री छोट्या खानावळीत आम्ही रिबोल्लीता घेतली. शिळा पाव, पांढरा घेवडा, काळा कोबी, गाजर एकत्र शिजवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेली'. थंडीत ते जेवण पोटात उतरलं की बरं वाटतं.

पाव मात्र बिनमिठाचा. तोस्काना या इथल्या प्रांतात पाव असाच करतात. आत्यानं पर्समधून कांदा-लसूण चटणीची डबी काढली, ऑलिव्हच्या तेलात थोडी कालवली आणि पाव बुडवला. खानावळीची मालकीण बघत होती. आत्यानं बशी तिच्यापुढं सरकवली. बाईंनी एक घास खाल्ला, डोळे मोठे केले, आतून नवऱ्याला हाक मारली. त्यानं दोन घास खाल्ले. निघताना उरलेली डबी तिथंच राहिली, आणि आमच्या हातात कान्तुच्चीचा पुडा आला.

तिसरा दिवस, मंगळवार

मंगळवार मुद्दाम निवडला होता. शहराच्या पश्चिमेला आर्नोच्या काठानं काशीने नावाचं लांबलचक उद्यान आहे, आणि दर मंगळवारी सकाळी तिथं आठवडी बाजार भरतो. "काशीच की," आत्या नाव ऐकून म्हणाली. मेदिची या इथल्या राज्यकर्त्या घराण्याच्या काळी इथं गाईगुरांचे गोठे होते, त्यावरून ते नाव. छत्री याच उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला आहे. स्टेशनपासून बाजाराकडच्या टोकाला ट्रामनं काहीच मिनिटं लागतात.

बाजार आपल्या आठवडी बाजारासारखाच. पायमोजे, पातेली, चीज, लोकरीचे शर्ट, कोंबड्या भाजण्याच्या गाड्या. पर्यटक जवळजवळ नाहीत. आत्यानं लोकरीचा गळपट्टा बारा युरोंना घेतला. दुपारी दोनच्या सुमारास सगळं आवरतात, म्हणून लवकर जा.

आणि फुलं! जिकडे तिकडे शेवंती. पिवळी, पांढरी, जांभळी, कुंड्याच्या कुंड्या आणि जुड्या. २ नोव्हेंबर हा इथं मृतांचा दिवस, घरोघरीची माणसं दफनभूमीत शेवंती घेऊन जातात. आपल्याकडे वेणीत माळतात, इथं ती थडग्यावरची. आत्याला दोन्ही पटलं. फुलवाल्या बाईनं विचारलं, "पेर इ मोर्ती?" मृतांसाठी का? मी छत्रीच्या दिशेनं हात केला आणि म्हटलं, "इंदियानो." बाई म्हणाली, "आऽ, ल्'इंदियानो!" आणि तिनं पैसे घेतलेल्या जुडीत आणखी तीन पांढऱ्या काड्या खोवल्या.

तिथून चालणं तीनएक किलोमीटरचं. आम्हाला वाटेत थांबत तास लागला. चिनार आणि ओकची पानं पडलेली, नदी डाव्या हाताला, वर धुकट ऊन. बाकं भरपूर आहेत, पण पाण्याची बाटली भरून घ्या, पुढं दुकान नाही. सायकल भाड्यानं घेतली तर दहा मिनिटांत पोचता येतं.

झाडी संपते आणि मोकळ्यावर, कुंपणाच्या आत, ती दिसते. चार खांब, वर महिरपी आणि घुमट. घुमटाखाली तरुण मुलाचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. चौथऱ्याच्या बाजूंवर लेख. त्यातला इंग्रजी आत्यानं मोठ्यानं वाचला: कोल्हापूरचे महाराज राजाराम छत्रपती, फ्लॉरेन्स इथं निधन, वयाच्या एकविसाव्या वर्षी. छत्री १८७४ ची. आराखडा चार्ल्स मँटचा, तोच मेजर मँट ज्यानं नंतर कोल्हापूरचा न्यू पॅलेस आखला. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. आत्या म्हणाली, "महिरप बघ, आपल्या न्यू पॅलेसची मोठी बहीणच."

इथंच का, याचं उत्तर आणखी थोडं पुढं गेलं की मिळतं. मुन्योने नावाची छोटी नदी इथं आर्नोला मिळते. संगम. बरोबरच्या कोल्हापूरकरांनी परक्या मुलखात, परक्या भाषेत, दोन नद्या जिथं एक होतात ती जागा शोधली. युरोपात तेव्हा दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून, चिता रचून, आपल्या विधीनं अंत्यसंस्कार झाले. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा संगम पाहिलेल्या त्या माणसांनी इथं पाण्याकडे बघून काय म्हटलं असेल? मला तिथं उभी असताना महाराजांपेक्षा त्यांचाच विचार जास्त आला. नोव्हेंबर संपता संपताची थंडी, हाती धनी सांभाळून घरी नेण्याची जबाबदारी, आणि धनी वीस वर्षांचा.

आत्यानं बूट काढले. शेवंती कुंपणाच्या दांड्यांत एक एक करून खोवली, वाकून मुजरा केला. मग बराच वेळ काही बोलली नाही.

कुत्रा घेऊन फिरायला आलेले एक आजोबा टोपी काढून थांबले होते. आम्ही कोल्हापूरच्या, म्हणजे महाराजांच्याच गावच्या, हे फोनवरच्या अनुवादानं त्यांना सांगितलं. त्यांनी आत्याचा हात दोन्ही हातांत धरला. तरुणपणी ते आणि त्यांची बायको इथंच भेटायचे, असं त्यांनी सांगितलं. 'इंदियानोपाशी, पाच वाजता' एवढं म्हटलं की पुरायचं. शेजारून जाणाऱ्या, १९७८ मध्ये पुरा झालेल्या मोठ्या पुलाचं नावही पोन्ते आल्ल्'इंदियानो आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि वाहतुकीच्या बातम्यांत ते नाव येतं.

परतताना पाऊस लागला. पहिल्या थेंबांनाच आर्नो मातकट झाली. भिजत ट्राम गाठली आणि स्टेशनजवळ भाजलेल्या चेस्टनटचा कागदी द्रोण घेतला. हात शेकले, मग खाल्ले.

चौथा दिवस, बुधवार

शेवटचा दिवस नदीपलीकडे, ओल्त्रार्नोत. खरेदी करायचीच असेल तर माझं सांगणं हेच, पैसे इथं खर्च करा. सांतो स्पिरितो चौकाभोवतीच्या गल्ल्यांत अजून कारखाने आहेत, चौकटींना सोनं लावणारे, लाकूडकाम करणारे, पुस्तकं बांधणारे. बहुतेक ठिकाणी दार उघडं असतं. आत शिरताना 'ब्वोन्जोर्नो' म्हणायचं, विचारल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. दुपारी एकच्या सुमारास बरेच जण बंद करतात आणि साडेतीननंतर उघडतात.

एका दुकानात रंगीत लहरींचा कागद करून दाखवत होते. परातीत चिकट पाणी, त्यावर रंगाचे थेंब तरंगत पसरतात, कंगव्यानं ओढले की मोरपिसं उमटतात, आणि वर कागद अलगद टेकवून उचलला की नक्षी कागदावर. आत्यानं पाहताक्षणी सांगितलं, "अबरी!" खरंच की. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्यांना लावायचे तो अबरी कागद. फारसीत अब्र म्हणजे ढग. विजापूरच्या आदिलशाहीत तर अबरीनं चित्रं काढायचे. आत्यानं निळ्या अबरीची वही घेतली, अठरा युरोंना.

पट्ट्याचं काम त्याच गल्लीत झालं. कारागीर बाई पन्नाशीच्या असतील. पुढ्यात रापी, आरी, मेणाचा तुकडा. आजोबांच्या दुकानामागं बसणाऱ्या कारागिरांच्या पुढ्यात असायचं तेच, फक्त मुठी वेगळ्या. मी मुद्दाम बरोबर नेलेला कापशीच्या कोल्हापुरी चपलांचा जोड त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी दिवा ओढला. तळ उलटा केला, कान वाकवून पाहिले, शिवणीवरून अंगठा फिरवला. "खिळा?" नाही. "धागा?" धागाही नाही, चामड्याचीच वादी. त्यांनी चप्पल नाकाशी नेली आणि हसल्या. "व्हेजेताले." जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल झळकली आणि कोल्हापूरचं नाव सुरुवातीला कुठंच नव्हतं, ही बातमी त्यांनी वाचली होती. त्या म्हणाल्या, "नाव सांगितलंच पाहिजे." कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी ते गावाच्या नावासकट कागदावर लिहून घेतलं.

बाबांच्या कमरेचं माप मी दोरीवर आणलं होतं. त्यांनी खांद्याच्या कातड्यातून पट्टी कापली, कडा घासून मेण लावून गुळगुळीत केल्या, भोकं पाडली, पितळी बकल बसवलं. पाऊण तास. पंचावन्न युरो. भाव करावासा वाटला नाही. (एका दुकानात सत्तर युरोंहून जास्त खरेदी झाली तर परदेशी प्रवाशांना कराचा परतावा मिळतो. पासपोर्ट जवळ ठेवा, कागद तिथंच भरून घ्या आणि विमानतळावर वेळ हातात ठेवून जा.)

निघता निघता आत्यानं सोमवारची पर्स पुढं केली. बाईंनी कड नखानं किंचित उचलली. वर प्लास्टिकचा पापुद्रा, खाली चामड्याचा पातळ चुरकट थर. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. फक्त सुटलेला बंद दोन टाक्यांत पक्का करून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळच्या गाडीनं परत.

कोल्हापूरला आल्यावर रविवारी तो पट्टा घेऊन चप्पल लाइनीत गेले. आजोबांना माल देणारे एक काका अजून कधीमधी तिथं येऊन बसतात, आता ऐंशीचे आहेत. त्यांनी पट्टा हातात घेतला, दुमडला, सोडला, कड पाहिली, वास घेतला. "हिरड्याचं न्हाई हे," म्हणाले. पुन्हा एकदा वास घेतला. "पण माणसानं मन लावून केलंय बघ." मग चहा सांगितला आणि विचारलं, "महाराजांच्या छत्रीवर सावली हाय का झाडाची?"